गच्चीवरचं ऊन

रविवार, २१ जानेवारी २००१
विरार

मार्थामावशींना आता काय सांगू? आमच्या बिल्डिंगला लागूनच त्यांची वाडी. सकाळी केळीच्या सुक्या पानात बांधलेली सुकेळ्यांची पुडी घेऊन आल्या. म्हणाल्या, "तुमच्या बिल्डिंगची सावली दुपारीच आमच्या अंगणात येते. राजेळी केळी सोलून घातली, तर सुकायच्या आधी बुरसतात. तुमच्या गच्चीवर वाळत घालू का?"

संध्याकाळी सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी विचारलं. सेक्रेटरी म्हणाले, "मुंग्या होतील. शिवाय बाहेरच्या माणसांना गच्ची द्यायची नाही, असा नियम आहे."

बाहेरच्या? ही बिल्डिंग उभी आहे ती जमीन मावशींच्या सासऱ्यांची. बाहेरून आलो ते आम्ही. हे मला तिथेच बोलता आलं असतं. पण तोवर विषय पाण्याच्या टँकरवर गेला, आणि मीही त्यावरच तावातावाने बोलत बसले.

पुडी टेबलावर तशीच पडून आहे. गाठ सोडायला हात होत नाही.

सकाळी जिना उतरताना मावशी हसून म्हणाल्या होत्या, "आमचं ऊन आता तुमच्याकडे राहायला आलंय, म्हणून विचारलं."