पहिलं नको

भिसेगाव, कर्जत
३ सप्टेंबर २०२५

चि. ऋजुतास,

अनेक आशीर्वाद. देवव्रतरावांनाही सांग.

इकडे सगळं ठीक. बाबांचा गुडघा बरा आहे, म्हणजे दुखतो पण ते सांगत नाहीत. काल गौरी गेल्या, घर मोकळं वाटतंय. तुझे पाय सुजतात का? मीठ कमी खा.

फोन असताना पत्र कसलं, असं म्हणशील. फोनवर मी भलतंच बोलून बसते, म्हणून लिहिते आहे. बाबा फोटो काढून पाठवतील.

परवा हळदीकुंकवाला चौकला गेले होते, तुझ्या सासूबाईंकडे. आपल्या खड्यांच्या गौरी, त्यांच्या उभ्या, दागिन्यांनी मढवलेल्या. पण येणाऱ्या बायका बघत होत्या भलतंच. गौरींच्या शेजारी भिंतीवर फ्रेम लावली आहे, विहीणबाई विमानात पायलटच्या शेजारी, कानाला ते मोठं यंत्र. "आमच्या सूनबाईनं बसवलं हो पुढे," हे प्रत्येकीला सांगणं चाललं होतं. मी करंजी खात होते. ती अर्धी तशीच ताटलीत ठेवली.

त्या सीटवर आधी कोणाला बोलावलं होतं, ते तुला माहीत आहे.

जानेवारीत आम्ही दोघी विहिणी तुझ्याकडे सातासमुद्रापार आलो आणि तू आम्हाला तिथल्या त्या बेटावर नेलंस. विमान कसलं, पंख लावलेली जीपच. चढायच्या आधी सगळ्यांसमोर पिशवीसकट वजन केलं. माझा काटा विहीणबाईंच्या पुढे गेला. पिशवीत तुझ्यासाठी आणलेल्या भाजणीचा डबा होता, पण ते तिथे कोणाला सांगणार? त्यांनी माझ्याकडे बघून पदर सावरला, तेवढं मला पुरलं.

मग त्या दाढीवाल्या पायलटनं माझ्याकडे बोट दाखवून पुढची सीट दाखवली. मी म्हटलं, "नो, नो." आपल्यात पहिल्याला हो कोण म्हणतं? पहिलं नको तोंडदेखलं, दुसरं मानाचं, तिसऱ्याला माणूस पाट ओढून बसतो. त्या मुलाला हे कुठून कळणार? पण तू तर याच घरात वाढलीस. "आई, बस गं," एवढं म्हणायला काय झालं होतं तुला? तू "बरं" म्हणालीस आणि विहीणबाईंना हात देऊन पुढे चढवलंस.

मी सगळ्यात मागे, बॅगांजवळ. खाली समुद्र हिरवा-निळा होता म्हणतात. मी सगळा वेळ तुझा हात बघत होते, मागून त्यांच्या खांद्यावर ठेवलेला.

परत येताना पहिल्याच विचारण्याला हो म्हणायचं असं ठरवून आले होते. कोणी विचारलंच नाही. विहीणबाई आपली नावाची जागा असल्यासारख्या पुढे जाऊन बसल्या.

मला त्यांचा हेवा वाटतो, ऋजुता. तुला आता 'आई' म्हणून हाक मारायला दुसरं कोणी आहे, याचा. लिहून टाकलं, बरं वाटलं.

म्हणूनच जुलैत तू विचारलंस, "आई, बाळंतपणाला आधी तू येशील की ह्यांच्या आई?" तेव्हा मी म्हणाले, "त्यांनाच बोलव, माझं काय." तू म्हणालीस, "बरं." परत तेच बरं. फोन ठेवला आणि मी भांडी आपटत घासायला घेतली. बाबांना सगळं कळलं. म्हणाले, "तुझं नको कळायला मला बारा वर्षं लागली. ती पोर तिकडे एवढ्या लांबून काय ओळखणार?"

परवा निघताना विहीणबाईंनी मला आत स्वयंपाकघरात नेलं. म्हणाल्या, "विमलताई, फोटो आहे म्हणून सांगते सगळ्यांना, पण मी डोळे मिटूनच होते हो. सूनबाईनं खांदा धरला म्हणून निभावलं. तुम्ही नको म्हणालात, मीही नको म्हटलं असतं तर बरं दिसलं असतं का?"

मग म्हणाल्या, "रविवारी देवव्रत माझं तिकीट काढतोय. पहिलं बाळंतपण खरं तर आईनं करायचं. पण तुम्ही नाही म्हणालात ना? मी काही आग्रह करणार नाही हं. मलाही जायचंय."

बाई सरळ आहेत. मी काय म्हणावं? "छे छे, तुम्हीच जा." चौकहून घरी येईपर्यंत स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती.

तेव्हा आता नीट वाच. एक नको तुला म्हणून झालं, दुसरं त्यांना. मानपान संपला. रविवारी तिकीट माझं काढा. पहिले तीन महिने मी येणार, मग विहीणबाईंना येऊ दे. त्यांचा फोटो आठवला की माझ्या पोटात अजून दुखतं, ते दुखू दे. डिंक निवडून ठेवला आहे, अळीव आणले आहेत, बाळासाठी जुन्या लुगड्याची दुपटी शिवायला घेतली आहेत. डब्यांचं वजन झालं तर होऊ दे, या वेळी सगळ्यांसमोर काट्यावर उभी राहीन.

हे वाचून मला "नक्की ना?" असं विचारू नकोस. माझा भरवसा नाही.

कोणी न विचारता पाट ओढून बसलेली,
तुझी आई