ही बाजू वर

दि. ३ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर मी घसा फोडून ओरडते, तू भलतंच ऐकतोस आणि वहिनी मागे हसत बसतात, म्हणून हे पत्र. चाळीस वर्षं करवतीच्या आवाजात काढल्यावर तुझ्या कानांनी तरी किती साथ द्यावी!

ऑफिस सुटून सहा महिने झाले. टाइप करायची सवय असलेली बोटं आता स्वस्थ बसत नाहीत. म्हणून लाकूड घासायचं हातातलं यंत्र घेणार आहे, ते पट्टा फिरणारं, बेल्ट सँडर. दुकानात तीन आकार आहेत आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. कुठला घेऊ? आमच्या व्हरांड्यातलं जुनं बाक घासायचंय. महिनाअखेरीस व्याही आणि विहीणबाई पहिल्यांदाच राहायला येताहेत. मी यंत्र घेणार म्हटल्यावर हे म्हणाले, विम्याचे कागद कुठे ठेवलेत ते आधी दाखवून ठेव.

वहिनींना नमस्कार. उत्तर लवकर दे, म्हणजे लोभ आहे असं समजेन.

तुझी,
ठकी

दि. ९ नोव्हेंबर

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझ्या वहिनीने मोठ्याने वाचून दाखवलं, तरी मी पुन्हा वाचलं.

आकाराचे दोन आकडे असतात, इंचांत. पहिला पट्ट्याची रुंदी, दुसरा पट्ट्याची पूर्ण लांबी. तीन बाय अठरा हे तुझं. हलकं असतं, मनगटाला झेपतं. तीन बाय एकवीस सवयीच्या हाताला. चार बाय चोवीस दारं आणि जाड फळ्यांसाठी. ते तू चालवणार नाहीस, ते तुला चालवेल. दुकानदार मोठंच गळ्यात मारायला बघेल, ऐकू नकोस.

पट्टा आधी फिरू दे, मग लाकडावर टेकव. उचल, मग बंद कर. लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच ने आणि एका जागी थांबू नकोस. आणखी एक. वर विनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असेल, तर त्या वस्तूवर हे यंत्र ठेवायचंच नाही. अख्खं लाकूड असेल तरच.

बाक घासून झालं की कळव. बोटं दहाच्या दहा शाबूत आहेत हेही लिही.

तुझा,
दादा

दि. १९ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. तोंड दाखवायला जागा नाही असं म्हणतात ना, तसं झालंय. बरं झालं, तू समोर नाहीस.

बाकाची गोष्ट खोटी होती. मला तुझं टेबल घासायचं होतं, लग्नात तू दिलेलं. त्यावर एकतीस वर्षांचे डाग आहेत. विहीणबाईंच्या घरी सगळं चकचकीत, आणि त्यांच्यासमोर या टेबलावर ताटं मांडायची मला लाज वाटली. तुझ्या हातच्या कामाची लाज, दादा. ते तुला कळू नये म्हणून बाक लिहिलं.

वर शहाणपणा असा, की यंत्र चार बाय चोवीसचं आणलं. दुकानदार म्हणाला, बाई, तुम्ही ताकदीच्या दिसता. मी फुगले. पापुद्र्याबद्दलचं तुझं वाक्य मी वाचलं होतं आणि मनात म्हटलं, आपल्याला काय त्याचं, आपलं तर अख्खं सागवान. येईल त्याला हेच सांगत आले ना मी, टेबलावर थाप मारून!

यंत्र टेकवलं आणि त्याने मला ओढत नेलं. बंद करेपर्यंत मधोमध हातभर सागवान नाहीसं झालं होतं. खाली फिकट, खरबरीत फळी. तिच्यावर काळ्या शाईत एक बाण आणि तीन शब्द: 'ही बाजू वर'.

पॅकिंगच्या पेटीची फळी, दादा.

आता सगळ्यात वाईट ते लिहिते. तिथेच उभी राहून मी मनात म्हटलं, दादाने मला फसवलं. आपण काय केलंय ते विसरले आणि तुलाच दोष देऊन बसले. रात्रभर मग स्वतःलाच खात राहिले. ह्यांनी टेबलावर चादर टाकली.

रागाव, पण उत्तर दे.

तुझी,
ठकी

दि. २६ नोव्हेंबर

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. रागावलो नव्हतो. लिहिता येत नव्हतं.

तू मनात म्हटलंस ते बरोबर आहे. मी फसवलं.

तुझ्या सासरी तेव्हा सात माणसं. टेबल किती लांब हवं ते त्यांनी कळवलं होतं आणि त्या मापाची चौकट मी बनवून ठेवली होती. वरच्या चार फळ्या सागवानाच्या, चांगल्या निवडून आणलेल्या. माझ्या टेपचं टोक तुटलं होतं, म्हणून मी चार इंचाच्या खुणेपासून मोजायचो आणि शेवटी चार मिळवायचो. रोजची सवय. त्या दिवशी मिळवायला विसरलो. चारही फळ्या एकदम कापल्या, चारही चार इंच आखूड. लग्नाला पाच दिवस होते. स्वतःचं काम सुरू करून मला वर्षही झालं नव्हतं. बहिणीचं टेबल चुकलं हे कुणाला सांगू? मिळाल्या त्या पेटीच्या फळ्या जोडल्या आणि वर पापुद्रा चिकटवला. शाई रंधा मारून काढायलाही थांबलो नाही. निदान बाजू तरी बरोबर ठेवली होती म्हणायची.

नंतर सांगणार होतो. पण तू थाप मारून अख्खं सागवान म्हणायचीस आणि मी ताटात बघायचो. तुझ्याकडे मी जेवायला कमी येतो म्हणून तू वहिनीवर रुसायचीस. तिचा काही दोष नव्हता.

पापुद्र्याचं वाक्य लिहिताना तुझंच टेबल डोळ्यासमोर होतं. पुढे दोन शब्द लिहिले असते तर हे झालं नसतं. पेन उचलून ठेवलं.

त्या आखूड फळ्या अजून माझ्याकडे माळ्यावर आहेत. दुसऱ्या कशाला वापरायला हात धजला नाही.

मोठा असून माफी मागतो.

तुझा,
दादा

दि. ४ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पाहुण्यांच्या आदल्या दिवशी आलं. वाचलं, पदराने तोंड पुसलं आणि टेबलावरची चादर काढून घडी करून ठेवली.

व्याह्यांचं ताट नेमकं बाणाच्या टोकाशी आलं. त्यांनी विचारलंच. मी आधी माझं सांगितलं, बाकाचं खोटं, यंत्राचा हट्ट, सगळं. सांगताना कान तापले होते. तुझं सांगू की नको असं झालं, मग तेही सांगितलं; दडवून आपल्या दोघांचं काय झालं ते बघितलंच आहे. व्याही हसले. विहीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्या बाणावरून हात फिरवत म्हणाल्या, एकतीस वर्षं यावर माणसं जेवली, डुगडुगलं का कधी? मी म्हटलं, कधीच नाही. तेव्हा मला रडू आलं. तुझ्या टेबलाची ज्यांच्यापुढे लाज वाटली, त्यांनी मला हे विचारावं!

मोठं यंत्र परत करून तीन बाय अठराचं आणलंय. दुकानदाराला सांगितलं, मी ताकदीची नाही.

आता नीट वाच, वहिनींना वाचायला देऊ नकोस, तूच वाच. सासू-सासरे गेले, दीर वेगळे झाले, नणंदेचं लग्न झालं, मुलगा दूर. सातजणांना त्या फळ्या आखूड होत्या. आता आम्ही दोघंच जेवायला असतो. चार इंच कमी चालतील. चौकट तू काप, फळ्या मी घासते.

माळ्यावरून काढ आणि घेऊन ये. जेवायलाच ये. लोभ असावा असं मुद्दाम लिहीत नाही, टेप मात्र नवीन आण.

तुझी,
ठकी