नंबर बंद व्हायच्या आत

नेस्टा,

मी फोनच्या दुकानाकडे निघालोय. रविवारी ते उशिरा उघडतं, ठाऊक आहे मला, पण घरात बसवत नाही. दारात उभा राहीन.

कराराची मुदत संपण्याआधी नवा फोन घ्यायचा तर कंपनी आता दुप्पट पैसे मागते. रग्बी क्लबात सगळेच पेटलेत. म्हणाले, "एल्विन, सोडून जातो म्हणून दम दे, लगेच पाया पडतात." काल मी कंपनीला फोन करून दिला दम. तिथली पोरगी शांतपणे म्हणाली, "बरं, करते बंद." मीही तोऱ्यात म्हणालो, "करा!" आज दुपारी माझा नंबर बंद होतोय.

नवा फोन गेला खड्ड्यात. मला माझा जुना नंबर हवाय.

मला जमलं नाही तर म्हणून सांगतो, संध्याकाळी घरचा फोन मोकळा ठेव. तुझ्या बहिणीला म्हणावं, उद्या बोलू. फोन वाजला तर पटकन उचल, आणि पलीकडून कोणी बोललं नाही तरी ठेवू नकोस. काहीही बोल. कालच्या मॅचचं बोल, कोंबडी करपली ते सांग. फक्त ईस्टरचं भांडण काढू नकोस.

रविवारी संध्याकाळी मी बागेत फोनवर असतो ना, तो मी तुला सांगतो तसा फोन कंपनीचा माणूस नसतो. आपला पोरगा असतो, गेथिन. तोच माझ्या नंबरवर फोन करतो. ईस्टरला भांडून घर सोडून गेल्यापासून एक शब्द बोललेला नाही. पण मी बोलायचा थांबलो की खोकतो. मग मी पुन्हा सुरू करतो.

एल्विन