नव्वदच्या खाली

३ मार्च २०२५

रिपोर्ट आला. सगळं जुळलं — माझी किडनी सुमंतला चालते! आणि पुढच्याच वाक्यात डॉक्टर म्हणाले, "पण या वजनात तुमची किडनी काढता येणार नाही." ११८ किलो. नव्वदच्या खाली या, मग बोलू.

धाकटा भाऊ माझा. एकतीस वर्षांचा. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आई नाही, बाबांना शुगर. उरले मी.

९ मार्च

"डाएट करून नाही का होणार?" मी विचारलं. "आजवर किती वेळा केलं?" डॉक्टरांनी विचारलं. मी बोटं मोजायला लागले. आता पोटाचंच ऑपरेशन. बराचसा भाग कापून टाकतात, केळ्याएवढं पोट ठेवतात.

हे म्हणाले, "तुले भीती नाही वाटून राहिली?"

वाटते. पण नाही म्हटलं.

२१ मार्च

गांधीबागेतल्या दुकानात सुटी मागितली. गोपिका माझ्या शेजारी बसते, साड्या दाखवायला. म्हणाली, "काहून वं अस्मिता, आता हिरोईन व्हायचं हाय का?" कारण सांगावंसं वाटलं नाही. संध्याकाळी गादीवरून उठताना रोजच्यासारखा तिनेच हात दिला.

२८ मार्च

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे नुसतं पातळ. डाळीचं पाणी, ताक, प्रोटीनची पावडर. पावडर म्हणजे खडू! ह्यांचा हिंगण्याच्या कंपनीचा डबा भरताना वांग्याच्या भाजीचं बोट चाटलं. चाटलं तर चाटलं.

१० एप्रिल

उद्या. ज्या कागदावर सही करायची त्यात 'मृत्यू' हा शब्द होता. ह्यांनी वाचला, मी वाचला. एकमेकांकडे न बघता दोघांनी सह्या केल्या.

१२ एप्रिल

झालं. पोटावर पाच भोकं. आणि दुखतो खांदा! पोटात भरलेल्या हवेमुळे म्हणे. सिस्टर सकाळीच हजर — "चला ताई, चालायचं." काल पोट कापलं, आज चाला!

चालले. दारापर्यंत.

२ मे

पारा ४४. आणि मी औषधाच्या टोपणाने पाणी पिते, घोट घोट. एकदम प्यायलं की छातीत अडकतं. सुमंतलाही दिवसभरात लिटरभरच पाणी. दुपारी आला. कूलरसमोर बसलो दोघं, हातात एकेक टोपण. "ताई, तुह्या टोपणात जास्त हाय," म्हणाला. किती दिवसांनी हसला. मला पोट धरून हसावं लागलं — खरोखर धरून, दुखत होतं.

१९ मे

घाईत पोह्यांचे दोन घास जास्त गेले. उलटी. मोरीतच बसून रडले. जन्मभर असंच का? केलं कशाला हे?

मग सुमंतचा सुजलेला चेहरा आठवला आणि स्वतःचीच लाज वाटली. तरी रडले.

१४ ऑगस्ट

९७. केस पुंजक्यांनी गळताहेत. आज गादीवरून एकटी उठले. गोपिकाचा हात तसाच पुढे राहिला. मग तिला खरं कारण सांगितलं. ती साड्यांच्या घड्या करत राहिली.

६ सप्टेंबर

डायलिसिस चालू असताना सुमंत बेशुद्ध पडला. बीपी एकदम उतरलं. दोन दिवस आयसीयू. डॉक्टर म्हणाले, "आता फार लांबवायला नको." मी दिवसातून तीनदा काट्यावर. ९४. ९४. ९४.

२ नोव्हेंबर

८९.६!!

सुमंतला फोन केला. म्हणाला, "पेढा खाशीन?"

"अर्धा."

परवा सीटी स्कॅन. तो नीट आला की तारीख देणार.

४ नोव्हेंबर

स्कॅनच्या आधी बायकांची लघवी तपासतात, नियमच आहे. सिस्टर परत आली आणि तिने दार लोटलं. "ताई, तुम्ही प्रेग्नंट आहात. स्कॅन होणार नाही. किडनीही आता देता येणार नाही."

लग्नाला अकरा वर्षं झाली. आम्ही तो विषयच सोडला होता. पाळी माझी तशीही कधी वेळेवर नसायची. वजन उतरलं की होतं असं, सिस्टर म्हणाली.

सुमंत बाहेर बाकावर बसला होता. त्याला सांगितलं. त्याने सरकून जागा दिली. "बस. रडून काहून राहिली वं? मी थांबतो ना."

ह्यांची कंपनीत दुसरी शिफ्ट आहे. ह्यांना अजून कळवलं नाही.