हाताची चव

प्रिय चिमणाबाई,

गेला आठवडाभर तुझा जन्मदाता वाटीतून चहा पितो आहे, याची कुणीतरी दखल घ्यावी. घरातले सगळे पांढरे कप पाककला स्पर्धेने जप्त केले. आयुष्यभर संस्कृत शिकवून शेवटी वाट्याला वाटी आली!

अर्थात कप पुरवायची हौस माझीच. तापानंतर तुझ्या आईची चव आणि वास दोन्ही गेले, हे तुला ठाऊक आहेच. दुर्दैवाने ते स्पर्धा भरवणाऱ्या महिला मंडळालाही ठाऊक होते. गेल्या वर्षी परीक्षकांनी डोळे पुसतच तिला पहिले बक्षीस दिले. घरी येऊन तिने ते भिंतीकडे तोंड करून ठेवले. "त्यांनी माझं सूप चाखलंच नाही, नुसती माझी कीव केली," एवढेच म्हणाली.

म्हणून यंदा मी कंबर कसली. तोंड पाहून टिळा बंद! सगळ्यांचे सूप एकसारख्या कपांत, नाव चिकटवलेले बुडाला, वर सजावट नाही. परीक्षक वेगळ्या खोलीत, आणि प्रत्येकाची सुरुवात वेगळ्या कपापासून, म्हणजे दमलेल्या जिभेचा फटका एकाच बिचारीला नको. मी पडलो स्पर्धकाचा नवरा, तेव्हा माझ्याकडे फक्त कप धुणे. अध्यक्षीणबाई फणकारल्या, "भावजी, ही स्पर्धा आहे की शाळा?" दंतवैद्य परीक्षकांच्या तोंडून "वा!" निसटले, तेव्हा मी दारातूनच बजावले, "डॉक्टर, केवलप्रयोगी अव्ययांना मनाई आहे."

शेवटी पहिला आलेला कप उलटा केला. तुझ्या आईचा! दुसऱ्या आलेल्या अध्यक्षीणबाईंनीच तिला मिठी मारली. "जीभ गेली गं, पण हाताची चव कुठं जाते!" तुझी आई अशी हसली की मी हातातला कप फोडला. नवे बक्षीस ऐटीत खोलीकडे बघते आहे. जुने अजून भिंतीकडेच.

घरी उरलेले सूप घेताना तिने विचारले, "खरं सांगा, कसं झालंय?" मी मीठ, आंबटपणा, मिरीचा झटका, सगळे सविस्तर सांगितले. ती डोळे मिटून ऐकत राहिली, आणि वाटी अर्धीच ठेवून उठली. हल्ली रोज असेच होते. वेळ झाली म्हणून जेवायला बसते, दोन घासांत उठते. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. तिने तुला कळवू नका म्हटले आहे, पण मला भीती वाटते, पोरी. चार दिवस येऊन जा.

तुझाच,
बाबा