सगळा गाव ठणठणीत

२९ मार्च २०२०

त्या सकाळी मी आधी अंगण झाडलं. चूल पेटवली, भाकरी टाकल्या, ठेच्यासाठी मिरच्या भाजल्या. फवारणीचं पाणी ड्रमात भरून ठेवलं. यांनी आदल्या दिवशीचाच शर्ट मागितला – "नवा कायले खराब करू?" – मी दोरीवरून काढून दिला. औषधाचा वास गेला नव्हता त्याचा. म्हशीला वैरण टाकून वळले तर हे पाठीवर पंप घेऊन वळणापर्यंत पोचले होते. बस, एवढीच सकाळ. संध्याकाळी यांना बैलगाडीत घालून आणलं.

यंदा तीन वर्षं होतील. आज आठवलं ते फिजाच्या फोनमुळे. फिजा विद्यापीठात शिकते, संशोधन करते. घर पुसदला, वडिलांचं गॅरेज आहे. पाणी भरणाऱ्या, कपडे धुणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या बायांच्या अंगात फवारणीचं औषध किती जातं, याचा अभ्यास विद्यापीठानं पाच जिल्ह्यांत लावला आहे. आमच्या फुलसावंगीत घरोघर जाऊन प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे. आता कोरोनानं सगळं बंद. "मावशी, घरांत जायचं नाही असा हुकूम आहे. सध्या थांबा."

थांबा म्हणे! दवाखान्याच्या कागदावर यांच्यापुढे 'हृदयक्रिया बंद' एवढंच आहे. आणि गाव म्हणतं, औषध पिऊन गेला. पिऊन! नाकातोंडानं, कातडीनं आत गेलं त्याला काय पिणं म्हणतात? यांचे धाकटे भाऊ बबनराव, तेसुद्धा म्हणाले, "वैनी, हार्टफेलच सांगत जा. इज्जतीनं राह्यता येते." हा अभ्यास पुरा झाला की विद्यापीठाच्या पुस्तकात छापून येईल – फवारताना माणूस मरतो, इथं मेला आहे. मला तेवढं हवं आहे.

११ एप्रिल

दिवसभर फक्त म्हशीशी बोलले. ती मान हलवते, पण मन लावून ऐकत नाही.

१६ एप्रिल

घरातलं सगळं वाचून झालं. शाळा माझी दुसरीपर्यंतच. पुढचं वाचायला किराण्याच्या पुड्यांवर शिकले – म्हणजे कुठल्याच गोष्टीचा शेवट कधी हाती लागायचा नाही! आता पुड्याही येत नाहीत, प्लास्टिक आलं.

२० जून

फोन! विद्यापीठातल्या मॅडमनी ठरवलं, पाचही जिल्ह्यांच्या मुलाखती फोनवर घ्यायच्या. आमच्या गावच्या फिजा घेणार, घरून. मी फक्त बायांना सांगून ठेवायचं. जीवात जीव आला.

२ जुलै

आज वैष्णवीच्या मुलाखतीची पाळी होती. ही बबनराव भाऊजींची सून. फोन भाऊजींचा, त्यामुळे स्पीकर लावून तेच मधे बसले. मी उंबऱ्याबाहेर.

"वैष्णवीताई, अंगाला खाज येते का?"

"नाही येत," भाऊजी.

"चक्कर वगैरे?"

"तिले कायची चक्कर! ठणठणीत आहे पोरगी."

"बरं, पाळी वेळेवर –"

फोन बंद. भाऊजी म्हणाले, "रेंज गेली." रेंज! वैष्णवी तोंडात पदर कोंबून हसत होती. मग मला मोरीपाशी नेऊन तिनं हात दाखवले. नवऱ्याचे फवारणीचे कपडे धुते ना – बोटांच्या बेचक्यांत कातडी सोललेली. "मोठ्या आई, कोनाले सांगू नका."

२३ ऑगस्ट

मॅडमचा स्वतःहून फोन. रागावल्या नाहीत, थकलेल्या वाटल्या. "फोनवर तुमचा सगळा गाव ठणठणीत आहे. बाकीच्या जिल्ह्यांतही तेच. असं छापलं तर उद्या कुणी म्हणेल, औषधानं काहीच होत नाही. त्यापेक्षा न छापलेलं बरं." दिवाळीपर्यंत खऱ्या मुलाखती मिळाल्या नाहीत तर अशी सगळी गावं वगळणार, फुलसावंगीही.

फिजा फोनवर रडली. मी नाही रडले. मला रडायला उशीर लागतो.

बाहेर भाऊजींच्या शेतात पंप चालू आहे. वाऱ्यानं वास घरात येतो.

११ ऑक्टोबर

वेचणी लागली. भाऊजींच्या शेतात सकाळी कपाशीच्या पऱ्हाटीला दही-भाताचा नैवेद्य दाखवला, मग आम्ही बायांनी झाडांच्या ओळीची एकेक पात धरली. तोंडाला ओढणी, कमरेला कापसाची ओटी, दोघींच्या मधे पऱ्हाटी. सरकार सांगतं तेवढं अंतर आम्ही जन्मभर ठेवत आलो आहोत!

आणि पातीवर बाई बोलते. हात बोंडात, नजर बोंडावर, कुणी कुणाच्या तोंडाकडं पाहत नाही. शेजारच्या पातीवरची खातूनबी आपल्याआपणच सुरू झाली – फवारणीनंतर चार दिवसांत वेचायला लावलं की डोळे कसे जळतात, आणि तिच्या गरोदर सुनेचं पोट कसं रिकामं झालं. माझ्या डोक्यात लख्ख पडलं. हळूच फिजाला फोन लावला आणि चालू ठेवून ओटीत कापसाखाली दडवला. मनात म्हटलं, बघ किती हुशार आहेस तू!

संध्याकाळी फिजा म्हणाली, "मावशी, मी फोन लगेच ठेवून दिला. त्यांना न विचारता ऐकणं म्हणजे चोरी आहे."

राग आला. जेवताना पटलं.

१२ ऑक्टोबर

खातूनबीला सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता आख्ख्या शेतासमोर माझी लाज काढणार. ती म्हणाली, "चोरून कायले वं? मैं क्या किसी से डरती? समोरून इचार! पन बसवू नको मले. बसली का मजुरी बुडाली, आन् बबनराव बोंबलत आला."

म्हणजे चालता चालता! फिजाला कळवलं तर ती फोनवर ओरडलीच. बाकीचं तिनं जुळवलं. अंतर राहावं म्हणून मी शेजारची पात सोडून पलीकडची धरायची. आधी बाईची परवानगी. मग वेचत वेचत थोडेच प्रश्न. पात संपली की शेताच्या कडेला धुऱ्यावर उभं राहून मी फिजाला फोनवर उत्तरं सांगायची, बाईनं ऐकायचं, चुकलं तर तिथंच टोकायचं.

खातूनबीनं मला इतकं टोकलं की बस! "मी असं नाही म्हटलं. 'थोडं जळते' नाही – 'आग पडते' म्हटलं. तसंच लिव म्हना तिले."

२० ऑक्टोबर

भाऊजी धुऱ्यावर येऊन उभे. "वैनी, वेचणी चालू आहे का पंचायत?"

खातूनबी मान वर न करता: "पंचायतच हाय, बबनराव! कापूस तोलून पाहा. कमी भरला तं आमाले हाकला."

तोलला. वाढूनच भरला. भाऊजींनी काट्याला दोनदा टिचकी मारली आणि निघून गेले. आम्ही इतक्या हसलो की पलीकडच्या पातीवरच्या अतियाच्या ओटीतला कापूस सांडला.

२७ ऑक्टोबर

वैष्णवी बोलली. आख्खी पात बोलली. पातीच्या टोकाला तिनं हात पुढं केले, म्हणाली, "याचा फोटोबी पाठवा."

१२ नोव्हेंबर

आज मीटिंग झाली. फोनच्या एवढ्याशा काचेत पाच जिल्हे! मॅडम म्हणाल्या, फुलसावंगीच्या ताईंनी सांगावं. मी सांगितलं. "घरात बाई ठणठणीत असते. पातीवर ती खरं सांगते. तिचे हात थांबवू नका, म्हणजे तिचं बोलणं कुणी थांबवत नाही."  मग वणीच्या ताई म्हणाल्या, "आमच्याकडं उद्यापासून!" मॅडमनी तिथंच ठरवलं – जिथं जिथं कापूस तिथं तिथं अशाच मुलाखती. फुलसावंगी अभ्यासात राहिली! राहिली!!

खातूनबीला सांगितलं तर म्हणते, "मंग आता विद्यापीठ आपल्या पातीत आलं म्हन. त्यालेबी एक ओटी बांध!"

१८ डिसेंबर

पाचही जिल्ह्यांत सगळ्यात चांगल्या मुलाखती आमच्या. नवीन वर्षात मी गावोगाव फिरून विचारणाऱ्या बायांना शिकवावं, असं मॅडम म्हणतात. वणीलासुद्धा जायचं. मी! भाऊजी पानठेल्यावर सांगत सुटलेत, "आमची वैनी विद्यापीठात आहे." दिवसभर जमिनीवर पाय नव्हता.

दुपारी फिजानं पहिला तक्ता वाचून दाखवला. खाज, डोळे, पोट – आमच्या बायांचं सगळं त्यात आलं होतं. मग तिनं वाचलं, "घरात फवारणीमुळे मृत्यू. फुलसावंगी – नाही."

म्हटलं, परत वाच.

"मावशी... विचारणारीचं घर धरत नाहीत. स्वतःच विचारायचं आणि स्वतःच सांगायचं, ते कुणी खरं मानणार नाही."

नियम बरोबर आहे. मी असते तर मीही तोच केला असता. पण पुस्तकात छापून येणार – इथं कुणी मेलं नाही.

"आणि मी विचारणारी राहिलेच नाही तर?"

फिजानं नियमांचा कागद काढून पाहिला. मग म्हणाली, "तर मी येऊन विचारू शकते. आता गावात यायची परवानगी मिळाली आहे. पण मग परत या कामावर घेता येणार नाही तुम्हाला. शिकवायलाही नाही. वणी नाही, काही नाही. विचार करून सांगा, मावशी."

१९ डिसेंबर

सकाळी मॅडमना फोन करून काम सोडलं. फिजा पुसदहून पहिल्या बसनं आली. भाऊजींच्या शेतात शेवटची वेचणी चालली आहे. मी पात धरली, तिनं मधली सोडून पलीकडची. भाऊजी धुऱ्यावर आले, ऐकू येईल एवढ्या अंतरावर थांबले. मी त्यांच्याकडं पाहिलं नाही. फिजानं विचारलं, घरात कोण गेलं, कशानं? मी यांचं नाव घेऊन सांगितलं.