उसनी कडी

प्रिय कुंदन,

पत्र बघून हसशील. खुशाल हस. फोन केला की तू "बघू" म्हणतोस आणि ठेवून देतोस. कागदावर निदान तुला मला मध्येच तोडता येणार नाही. काकींच्या, म्हणजे तुझ्या आईच्या हाताचं प्रितेशने कळवलं असेलच, पण तुझा भाऊ म्हणजे एका वाक्याचा माणूस, म्हणून नीट सांगते. बंदरावर बर्फ फोडायच्या मशीनमध्ये त्यांचा उजवा हात सापडला. हाडं वाचली, पण मनगटापासून बोटांपर्यंत हाताच्या पाठीची कातडी सोलून निघाली. हात राहील की जाईल, हे मलाही सांगता येत नव्हतं. वाटेत दुसरी हॉस्पिटलं लागली, तर तुझी आई गाडीतून उतरेचना. "अरुंधतीकडं ने, दुसऱ्या कुनाला हात लावू देनार नाय," असा हट्ट धरून थेट पनवेलला माझ्या दारात आली.

मांडीवरची कातडी तिच्या रक्तवाहिन्यांसकट उचलून हातावर बसवायची होती. धमनी मी सुईदोऱ्यानेच शिवली. शिरेसाठी मात्र ते परदेशी यंत्र उघडलं. दोन इवल्याशा कड्या, त्यांना पिना. शिरेचं टोक कडीतून ओवायचं, शर्टाची बाही दुमडावी तसं बाहेर उलटून पिनांवर अडकवायचं, दुसरं टोक दुसऱ्या कडीवर, आणि दांडा फिरवला की दोन्ही कड्या एकमेकींत बसतात. आत ना टाका ना दोरा, म्हणजे गुठळी धरायला निमित्तच नको. तुला काय सांगतेय मी हे! दांडा फिरवताना हाताला वळण तुझ्याच यंत्राचं होतं रे. टेबलावर तुझी आई होती आणि माझ्या डोक्यात कोळीवाड्यातली तुमची पत्र्याची शेड.

आठवतं ना, मी वाचून वाचून तुझं डोकं खायची? कुणी मॅग्नेशियमची कडी करून पाहिली, रशियात शिरा जोडणारं स्टेपलर निघालं, जपानात पिनांच्या कड्या. तू लेथवरून मान वर न करता म्हणायचास, "सगळं जग करून बसलंय, मग पनवेलनंच काय घोडं मारलंय?" आपल्याकडच्या साध्या दवाखान्याला परवडेल असं यंत्र करायचं, एवढाच आपला हट्ट होता. सराव कोंबडीच्या तंगड्यांवर, कारण त्यातली शीर मापाला बरी पडते. आमच्या नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये आई अंडंसुद्धा येऊ द्यायची नाही, तिथे तंगड्या कुठल्या ठेवणार? मग काकींचा फ्रिज. वरच्या कप्प्यात बोंबील, खाली आपलं संशोधन. मी दिसले की काकी हसायच्या, "आली बघ, कोंबरीची डाक्तरीन!" माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस ते. तेव्हा कळलं नाही, आणि कळलं तेव्हा सांगायला तू नव्हतास.

आणि मग ती तंगडी. जिच्यातला जोड लाल पाण्याचा दाब देऊनही थेंबभर गळला नव्हता, आणि जी बघायला मुंबईहून मोठे डॉक्टर येणार होते. संध्याकाळी अचानक पाहुणे आले आणि काकींनी ती हळद-मसाला लावून रश्श्यात टाकली. अशी चूक जगात दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेत झाली नसेल! कडी काकांच्या दाताखाली आली. मला खरं तर हसूच फुटणार होतं, पण तुझा चेहरा पाहिला आणि ते जागच्या जागी विरलं. "मना काय ठावं, तंगडीत लोखंड हाय?" एवढंच काकी म्हणाल्या, आणि तू भरल्या घरात, पाहुण्यांसमोर आईला अडाणी म्हणालास. तिच्यामुळे तुझ्या आयुष्याची माती झाली म्हणालास. दुसऱ्या दिवशी घाईघाईने केलेला जोड डॉक्टरांसमोर गळला आणि ते मान हलवून निघून गेले. मग तू लेथ विकून कोइम्बतूरला पंपाच्या कारखान्यात गेलास. गणपतीला येत नाहीस, प्रितेशच्या लग्नात आलास तोही जेमतेम अक्षता टाकण्यापुरता. घरी सगळं काही पाठवतोस, फक्त आईशी बोलत नाहीस. माझ्याशीही धड नाही, पण माझं राहू दे. स्वानंद चांगला नवरा आहे, माझं बरं चाललं आहे. तरी तू गेलास तेव्हा मी तुला अडवलं नाही, याची हळहळ आहे ती आहेच.

आता ऐक. ऑपरेशनआधी अंगावरचे दागिने काढतात. काकींनी बांगड्या दिल्या, कानातलं दिलं, काळ्या मण्यांची माळ मात्र मुठीत धरून बसल्या. "हात गेला तर जाऊ दे पोरी, पन माजी माळ नीट ठेव." मी हातात घेतली तर मण्यांच्या मधोमध आपली कडी. काकांच्या दाताखालची. टोचू नयेत म्हणून सोनाराकडून पिना घासून घेतलेली. इतकी वर्षं ती बाई गळ्यात तुझी कडी घालून मासळी विकते आहे, आणि आपल्यातल्या कुणालाही पत्ता नाही. थोडा वेळ बाहेर जाऊन बसले, मग आत गेले.

हात वाचला. कातडी गुलाबी आहे, बोटं हलायला लागली आहेत. पण मी हे पत्र त्यासाठी लिहायला बसले नाही. माळ परत करण्याआधी मी ती कडी मायक्रोस्कोपखाली धरली. घासलेल्या पिनांच्या मुळाशी गंज आहे, कुंदन. म्हणून घरी नेऊन फ्रिजवरचं चुंबक लावलं. टपकन चिकटली. शरीरात ठेवण्याजोगं स्टील चुंबकाला चिकटत नाही, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. तळोज्याच्या भंगारातून आणलेल्या ज्या सळईच्या तू कड्या केल्यास, ती साध्या लोखंडाची होती. काकींच्या फ्रिजसमोर आपण दोघं शंभर वेळा उभे राहिलो असू, पण सळईला चुंबक लावून बघायचं एकालाही सुचलं नाही. जोड पसंत पडला असता तर आज ना उद्या ती कडी कुणाच्या तरी हातात गेली असती, आत गंजली असती, आणि आपण दोघं आयुष्यभर तोंड लपवत फिरलो असतो. काकींनी आपलं काहीही बिघडवलं नाही. झालंच तर वाचवलं. हे सगळं मी त्यांच्या खाटेशी बसून सांगितलं. त्यांनी माझ्या गालावरून डावा हात फिरवला आणि म्हणाल्या, "मना बरं वाटावं म्हनून बोलतेस पोरी. त्याला सांग, त्या दिसापासून मी घरात कोंबरी शिजवली नाय." माझं त्या खरं मानणार नाहीत. तुझ्याच तोंडून ऐकतील तरच मानतील. म्हणून कडी त्यांच्याकडून मागून घेतली आणि या पाकिटात ठेवली आहे. आधी तुझ्या फ्रिजवरचं चुंबक तिला लावून बघ. आणि मग जप, कारण ती उसनी आणली आहे. काकी रोज विचारतात कधी परत मिळेल म्हणून, आणि मी सांगून बसले आहे की कुंदन स्वतः घेऊन येतोय.

तुझीच, शेडमधली भागीदार,
अरुंधती